हाताची नस वाढते, मग मज्जारज्जूतली का नाही?

तुमचे प्रश्न दोन आहेत, म्हणून उत्तर जरा लांबेल. उत्तरायणात पतंगाच्या दोरीने भाच्याचं मनगट कापलं, करंगळीकडची नर्व्ह (मेंदूशी संदेश नेणारी नस, रक्ताची नव्हे) शिवली, पण चार महिने झाले तरी करंगळी बधिर. आणि त्याच दिवशी बडोद्याच्या दांडिया बाजारात गच्चीवरून पडलेल्या काकांच्या मज्जारज्जूबद्दल डॉक्टर म्हणतात, तिथे काही वाढणार नाही. शिवाय मज्जारज्जू पुन्हा वाढवणारी म्हणून व्हिडिओत दाखवतात ती जीनची (जनुकांची) इंजेक्शनं खरी का, हा एक पोटप्रश्न.

भाच्याचं आधी. नर्व्ह म्हणजे नर्व्हपेशींच्या लांब धाग्यांची, तंतूंची जुडी. कापलेल्या जागेपुढचा तंतू मरतोच. ऑगस्टस वॉलर या शास्त्रज्ञाने १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे दाखवलं. शिवल्याने फक्त वाट जुळते. नवा तंतू टाक्याच्या वरून निघतो आणि पहिले काही आठवडे गेल्यावर दिवसाला साधारण १ मिलिमीटर सरकतो. म्हणजे आत्ता तो तळहातात असावा. करंगळीच्या टोकाकडून मनगटाकडे बोटाने हलकेच टकटक करत या. जिथे पहिल्यांदा करंगळीत मुंग्या उठतील तिथे पेनाने खूण करा आणि टाक्यापासूनचं अंतर मोजून लिहून ठेवा. दर महिन्याला अंतर वाढत असेल तर वाट बघा. वाढत नसेल तर सर्जनला लगेच दाखवा, कारण नर्व्हविना राहिलेला स्नायू वर्ष-दीड वर्षानंतर फारसा परत येत नाही. आणि गरम तव्यापासून ते बोट सांभाळायला सांगा, त्याला चटका कळणार नाही.

आता जीनचं. करंगळीचा स्पर्श नेणारी पेशी करंगळीत नसते, मानेच्या मणक्याशेजारी असते. तंतू कापला की ती खबर तिथपर्यंत, पेशीच्या केंद्रकात पोचते आणि एटीएफ-३, सी-जून असे जीन जागे होतात. ते पुढे वाढीची प्रथिनं बनवणारे कितीतरी जीन चालू करतात. इकडे कापलेल्या नर्व्हमधल्या, तंतूंना वेढणाऱ्या श्वान पेशीही सी-जूनच्याच हुकमाने मायलिन (तंतूवरचं स्निग्ध आवरण) बनवणं सोडून दुरुस्तीला लागतात.

खरी गंमत पुढे आहे. याच पेशीची दुसरी फांदी मज्जारज्जूत शिरते. ती फांदी कापली तर हे जीन जवळजवळ ढिम्म. पण उंदरांत बाहेरची, म्हणजे हातापायाकडे जाणारी फांदी आधी कापून ठेवली, तर नंतर कापलेली आतली फांदीही वाढू लागते! पेशी तीच, जीन तेच. म्हणजे मज्जारज्जूत वाढण्याची कुवतच नाही, हे म्हणणं चूक. तिथल्या जखमेने वाढीचा हुकूम सुटत नाही. आणि भोवतालही वैरी. तिथल्या मायलिनमध्ये नोगो-ए हे वाढ रोखणारं प्रथिन असतं, ते मार्टिन श्वाब या संशोधकाच्या कामातून कळलं. १९८१ मध्ये डेव्हिड आणि अग्वायो या संशोधकांनी उंदरांच्या मज्जारज्जूला बाहेरच्या नर्व्हचा तुकडा जोडला, तर आतले तंतू त्या तुकड्यातून वाढत गेले.

व्हिडिओतलं मूळ बहुधा २००८ चं असावं. झिगांग हे (‘हे’ आडनाव) या संशोधकाच्या गटाने उंदरांच्या डोळ्याच्या नर्व्हपेशींतून पीटेन हा जीन काढला आणि चिरडलेले तंतू पुन्हा वाढले. पुढच्याच वर्षी केएलएफ-४ हा वाढ रोखणारा असाच दुसरा जीन, दुसरा ब्रेक सापडला. काम अस्सल आहे. पण पीटेन शरीरात कॅन्सरला आवर घालतो, तो माणसात सरसकट बंद करणं म्हणजे भलतंच. शिवाय तंतू वाढला म्हणजे योग्य पेशीला जाऊन जुळला असं नाही, आणि चालणं त्या जुळण्यावर आहे.

तेव्हा काकांच्या घरच्यांना सांगा, कोणी पैसे घेऊन असं इंजेक्शन देतो म्हणाला तर सीटीआरआयवरचा (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला) चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. आकडा नसेल तर उठून या. त्या पैशांत चांगली गादी, फिजिओथेरपी आणि दर दोन तासांनी कूस बदलायला माणूस ठेवा. बेडसोर (पडून राहून होणाऱ्या जखमा) आणि लघवीचं इन्फेक्शन टाळणं आज जास्त निकडीचं आहे.