‘आमच्या घराण्यात असलं काही नाही’ : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही सहज लिहिलं होतं की जनुकं, म्युटेशन, आनुवंशिक आजार यावर काही विचारायचं असेल तर पाठवा, तर पत्रं, मेल आणि व्हॉट्सअॅप मिळून नुसता ढीग लागलाय. गंमत म्हणजे निम्म्या पत्रांत एक वाक्य आहेच आहे, ‘आमच्या घराण्यात असलं काही नाही’. वीस वर्षं लॅबच्या काउंटरवर रिपोर्ट देताना हेच वाक्य ऐकत आले, त्यामुळे त्यालाच मथळ्यात बसवलंय. नावं काढलीत, गावं ठेवलीत.

प्रश्न : मी चंद्रपूरचा, वय 27. लग्न जमलंय, साखरपुडा दिवाळीनंतर आहे. कॉलेजात असताना कॅम्पमधे माझा रिपोर्ट ‘एएस पॅटर्न’ (म्हणजे सिकलसेलचा वाहक) आला होता, तो मी विसरूनही गेलो होतो. आता तिचाही एएस निघाला. तिच्या घरचे म्हणतात मोडा. माझी आई म्हणते आपल्या घराण्यात कोणालाच सिकलसेल नाही, सगळे ठणठणीत आहेत. मित्र म्हणतो चार मुलांत एकच आजारी निघतं, तुम्हाला तर दोनच पाहिजेत, मग टेन्शन कशाला?

उत्तर : आधी मित्राचं गणित, कारण तेच सगळ्यात जास्त नुकसान करतं. तांब्यात चार चिठ्ठ्या टाका, एकीवर ‘आजारी’ (एसएस), दोनवर ‘वाहक’ (तुमच्यासारखे एएस), एकीवर ‘काही नाही’. पहिल्या बाळाच्या वेळी एक चिठ्ठी काढली, वाचली, आणि परत तांब्यात टाकून हलवली. दुसऱ्या वेळी परत त्याच चार. म्हणजे दर खेपेला 25 टक्के, मग मुलं दोन असोत की पाच. पहिलं आजारी निघालं म्हणून पुढची सुटली असं नाही, आणि पहिलं छान निघालं म्हणून दुसऱ्यावर संकट आलं असंही नाही. एका घरात तिन्ही मुलं एसएस पाहिलीत मी, आणि दुसऱ्या घरात चारही मजेत.

आता आईंचं म्हणणं. शाळेत शुद्धलेखनात ‘शिर’ आणि ‘शीर’ शिकवायचे आठवतं का, एका वेलांटीनं डोक्याची रक्तवाहिनी होते. इथे तसंच झालंय. 11 नंबरच्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनचा जो मजकूर आहे त्यात डीएनएचं एकच अक्षर बदललं, ए च्या जागी टी आलं, आणि त्यामुळे प्रथिनाच्या साखळीतला सहावा मणी बदलला. बास, एवढंच. पण त्या एका मण्यामुळे ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या होतात आणि गोल मऊ पेशी विळ्यासारखी वाकडी, कडक होते. नेहमीची लाल पेशी साधारण 120 दिवस जगते, ही 10-20 दिवसांत संपते, म्हणून रक्त कमी. शिवाय बारीक नळ्यांत अडकते, म्हणून ते हाडं फोडल्यासारखं दुखणं, ज्याला पेशंट ‘क्रायसिस’ म्हणतात. आपल्याकडे प्रत्येक मजकुराच्या दोन प्रती असतात, एक आईची एक बापाची. तुमची एक चांगली आहे म्हणून तुम्ही क्रिकेट खेळताय, शेतात राबताय, काही जाणवत नाही. तुमच्या आजोबांचंही तसंच असणार. ठणठणीत माणसांकडूनच ती प्रत पिढ्यान्पिढ्या येते, रिपोर्ट काढेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

आणि ‘हा त्या लोकांचा रोग’ असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा की हा मलेरियाच्या पट्ट्याचा हिशोब आहे. एक प्रत बदललेल्या माणसाला गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, म्हणून जिथे मलेरिया जास्त तिथे ही प्रत टिकली, आफ्रिकेत तशी विदर्भात, नंदुरबारमधे.

मोडा की करा, ते मी सांगणार नाही, तो तुम्हा दोघांचा निर्णय आणि तोही एकत्र बसून. मात्र लग्न केलंत तर दिवस राहिल्यावर लगेच डॉक्टरांना सांगा, तीन महिन्यांनी नाही. साधारण 11 ते 13 आठवड्यांत वारेचा छोटासा नमुना घेऊन बाळाचा पॅटर्न कळतो (मुलगा की मुलगी हे कुणी सांगणार नाही, विचारूही नका, गुन्हा आहे). ज्यांना एसएस आहे त्यांच्यासाठी हायड्रॉक्सियुरिया आहे, बऱ्याच जणांचं दुखणं त्याने खूप कमी होतं. बातमीत येतं ते जनुक-संपादनाचं औषध, कॅसजेव्ही, खरंच आहे, अमेरिकेत डिसेंबर 2023 मधे मंजूर झालं, पण तेव्हा तिथे किंमत 22 लाख डॉलर होती, त्यामुळे आत्ता त्याच्या भरवशावर बेत आखू नका. आपल्याकडे केंद्राची सिकलसेल मोहीम 1 जुलै 2023 ला सुरू झाली, 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं त्यात ठरलं होतं. तुमच्या बहिणीला, तिच्या भावाला आत्ताच तपासून घ्या, तुम्हाला साखरपुड्याच्या उंबऱ्यावर कळलं तसं त्यांचं नको व्हायला.

प्रश्न : कल्याणहून. माझा रक्तगट ओ, मिस्टरांचा ओ. मुलाचं शाळेचं कार्ड करताना बी पॉझिटिव्ह आला. सासूबाई तोंडाने काही बोलत नाहीत पण तेव्हापासून घरातली हवाच बदललीय. मी काही केलेलं नाही हो, तरी मलाच चोरट्यासारखं वाटतं.

उत्तर : ताई, सगळ्यात आधी तिघांचीही टेस्ट पुन्हा करा, चांगल्या ब्लड बँकेत. काय होतं, कॉलेजच्या कॅम्पात काचपट्टीवर घाईत केलेला गट आयुष्यभर लायसन्सवर मिरवतो आणि तो चुकीचा असतो, असे किती तरी बघितलेत. दहातल्या नऊ भानगडी इथेच मिटतात.

नाहीच मिटली तर मग दुसरी गोष्ट, आणि ती खास आपल्या मुंबईची. 1952 मधे डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना मुंबईत असा रक्तगट सापडला जो नेहमीच्या तपासणीत ओ दिसतो पण ओ नसतो. जगभर त्याला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’च म्हणतात, शहराचं नाव बदललं तरी. असं समजा की ए आणि बी हे भिंतीचे रंग आहेत आणि त्याच्या खाली ‘एच’ नावाची पुट्टी लागते. काही लोकांत पुट्टीच नसते, मग बी रंगाचा डबा घरात असून भिंतीला रंग धरत नाही आणि भिंत कोरी म्हणजे ओ दिसते. पण तो डबा मुलाकडे जातो, मुलाला पुट्टी दुसऱ्या पालकाकडून मिळते, आणि त्याचा गट बी येतो. म्हणजे दोन ‘ओ’ दिसणाऱ्यांना बी मूल, कुणाचंही काही न चुकता. ब्लड बँकेला ‘अँटी-एच लावून बघा’ म्हणा, त्यांना कळेल. भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस असा असतो. तुमच्यापैकी कुणी निघालं तर ती चिठ्ठी पाकिटात ठेवा, कारण त्या माणसाला साधं ओ चालत नाही, बॉम्बेच लागतं. आणि रिपोर्ट आला की त्याची झेरॉक्स सासूबाईंच्या हातात द्या, समजावत बसू नका.

प्रश्न : मुलामुलीचा रक्तगट सारखाच (ए पॉझिटिव्ह) आहे, भटजी म्हणाले पत्रिका जुळते पण रक्त जुळत नाही, मुलं होणार नाहीत. खरं का? – नाशिक

उत्तर : नाही. सारखा गट असून काही बिघडत नाही. आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील तेव्हाच लक्ष द्यायचं, त्यासाठी अँटी-डी इंजेक्शन असतं, साधारण 28 व्या आठवड्यात एक आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत एक. रक्त जुळवायचंच असेल तर गट सोडा आणि दोघांची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी) करा, थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक आजार) आणि सिकलसेल दोन्ही त्यात दिसतात.

प्रश्न : वय 34, सांगली. आजीला (वडिलांची आई) छातीचा कॅन्सर होऊन ती पन्नाशीच्या आत गेली. आत्याला बीजांडकोशाचा झाला, तिची ट्रीटमेंट चालू आहे. मी एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं तर त्यांनी आईकडे कुणाला आहे का विचारलं, मी नाही म्हटलं तर म्हणाल्या मग तुला काही नाही, जा घरी. मला रात्री झोप लागत नाही.

उत्तर : त्या चुकल्या, आणि ही चूक खूप ठिकाणी होते म्हणून तुमचं पत्र मुद्दाम छापतेय. छातीचा आजार बाईचा, म्हणून तो आईकडूनच येणार असं लोकांना वाटतं. पण ज्यांत दोष असला की हे कॅन्सर घराण्यात येतात त्यातलं बीआरसीए-1 हे जनुक 17 व्या आणि बीआरसीए-2 हे 13 व्या गुणसूत्रावर, आणि ही गुणसूत्रं बाप पण देतो ना! बापाला स्वतःला बहुतेक वेळा काही होत नाही म्हणून तो दुवा दिसतच नाही, वडिलांकडच्या बायका मोजायच्या राहून जातात.

कॅन्सर हा सगळाच जनुकांचा आजार, पण सगळा वारशाने आलेला नाही, या दोन वाक्यांत लोकांचा फार गोंधळ होतो. दाराला दोन कड्या आहेत समजा. पेशी भलतीकडे वाढू नये म्हणून प्रत्येक पेशीत अशा दोन-दोन कड्या. बहुतेकांच्या कड्या जन्मतः धड असतात, वय, तंबाखू, ऊन, नुसता योगायोग यांनी एखाद्या पेशीत आधी एक मोडते, मग कधीतरी दुसरी. दोन्ही एकाच पेशीत मोडायला वर्षं लागतात म्हणून कॅन्सर बहुधा उतारवयात. पण काही घरांत एक कडी जन्मापासूनच मोडकी मिळते, अंगातल्या प्रत्येक पेशीत. मग दुसरी मोडायचाच काय तो अवकाश, म्हणून तिथे तिशी-चाळिशीत दिसतो, कधी दोन्ही बाजूंना. ही दोन घावांची कल्पना अल्फ्रेड नुडसन यांनी 1971 मधे मांडली, लहान मुलांच्या डोळ्यातल्या गाठीचा अभ्यास करून.

असा वारशाचा कॅन्सर एकूणात 5 ते 10 टक्केच. बाकी आपल्याकडे सासरे गुटखा खाऊन तोंडाच्या कॅन्सरने गेले आणि त्यांचा मुलगाही तसाच गेला की लोक म्हणतात ‘घराण्यातच आहे’. अहो घराण्यात गुटखा आहे!

तुमच्या बाबतीत मात्र खरंच बघायला हवं, कारण आजी लहान वयात गेली आणि त्याच बाजूला बीजांडकोशाचा कॅन्सर आहे. पण तपासणी आधी तुमची नाही, आत्याची, कारण आजार तिला झालाय. तिच्यात दोष सापडला तर नेमका तोच तुमच्या वडिलांत आणि तुमच्यात शोधता येतो. वडिलांत असायची शक्यता निम्मी, तुमच्यात त्याच्या निम्मी म्हणजे पाव. आणि वडिलांत नसेलच तर तुमच्यात त्या बाजूने यायचा प्रश्नच संपला. टाटा मेमोरियलमधे कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक आहे, जाताना कागदावर तीन पिढ्यांची वंशावळ काढून न्या, कोणाला काय, कितव्या वर्षी. आणि रिपोर्टमधे कधी कधी ‘अर्थ न लागलेला बदल’ असं येतं, म्हणजे अक्षर बदललंय पण त्याने काही बिघडतं का हे अजून माहीत नाही. तेवढ्यावरून कुणी ऑपरेशन सुचवलं तर दुसरं मत घ्या. खरा दोष निघालाच तरी आज-उद्या कॅन्सर होतोय असं नसतं, लवकर एमआरआय सुरू करणं, बीजांडकोश कधी काढायचे ते ठरवणं, अशा हातातल्या गोष्टी असतात. आत्याशी बोला आधी, तिला वाईट वाटेल म्हणून थांबू नका, तिच्या औषधांची निवडही या रिपोर्टवरून बदलू शकते.

प्रश्न : मामाच्या मुलीशी लग्न ठरतंय. गोत्र वेगळं आहे म्हणजे रक्त वेगळंच ना? – सोलापूर

उत्तर : गोत्र बापाच्या बाजूने मोजतात, जनुकं दोन्हीकडून येतात, त्यामुळे गोत्र वेगळं असूनही मामाची मुलगी आणि तुम्ही मिळून आठवा हिस्सा जनुकं सारखी. उलट दुसऱ्या टोकाचा सगोत्र अनोळखी मुलगा जनुकांनी पूर्ण परका असू शकतो, आणि त्यावर घराघरांत रडारड! आपल्याकडे मामाच्या मुलीचा हक्क जुना, मी परंपरेला नावं ठेवत नाही. एरवी 100 बाळंतपणांत 2-3 बाळांना जन्मजात मोठा दोष असतो, सख्ख्या मामे-आत्ये भावंडांत ते साधारण 4-6 होतं. म्हणजे बहुतेक मुलं चांगलीच होतात. पण आजी-आजोबांत दडलेली एखादी प्रत दोघांकडे उतरलेली असू शकते, आणि पिढ्यान्पिढ्या तिथल्या तिथेच लग्नं होत असतील तर आकडा आणखी वाढतो. घरात लहानपणी गेलेलं मूल, मतिमंदत्व, बहिरेपण कुणात होतं का ते आजीला विचारा, ‘दृष्ट लागली’ म्हणून सोडून दिलेलं असतं ते.

प्रश्न : बायकोचं हिमोग्लोबिन कधीच 10 च्या वर जात नाही, लोहाच्या गोळ्या खाऊन खाऊन पोट बिघडलं. – पिंपरी

उत्तर : गोळ्या थांबवायच्या आधी फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि एचपीएलसी करायला सांगा. लोह भरपूर आणि एचबीए-2 (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) साधारण 3.5 टक्क्यांच्या वर असेल तर ती थॅलेसेमिया मायनर, म्हणजे वाहक. आजार नाही, लोहाने हिमोग्लोबिनचा आकडा वाढणारही नाही. मग तुमची पण तपासणी करा, मूल व्हायच्या आधी. दोघंही मायनर असाल तर वर चंद्रपूरच्या पत्रातल्या त्याच चार चिठ्ठ्या.

प्रश्न : मोबाईल टॉवरने म्युटेशन होतं का? आणि म्युटेशन म्हणजे वाईटच का? (बारावी सायन्स, रत्नागिरी)

उत्तर : टॉवरच्या लहरींत डीएनए बिघडवण्याइतकी ताकद नसते, एक्स-रे आणि कडक उन्हातल्या अतिनील किरणांत असते. आणि तुझ्यात, आईबाबांत नव्हते असे साधारण 60-70 नवे बदल जन्मतःच आहेत, बहुतेक बाबांकडून, बाबांचं वय जितकं जास्त तितके जास्त. तीन अब्ज अक्षरांत सत्तर, बहुतेक अशा जागी की काही फरक पडत नाही. मोठेपणी दूध पचणं हे पण काही लोकांत म्युटेशनमुळेच आलंय, ज्यांना पचत नाही ते मूळचे.

मधुमेहावर आलेली सतरा पत्रं पुढच्या अंकात घेते. आणि कृपा करून मूळ रिपोर्ट पाठवू नका, झेरॉक्स पाठवा, एका बाईंचा ओरिजिनल आलेला तो मी रजिस्टर पोस्टाने परत पाठवलाय.