जुनी खुर्ची वितळत नाही, ताई

प्रश्न : सासऱ्यांनी एका कचेरीच्या लिलावातून फिरती खुर्ची आणली होती. फायबरची एकसंध बैठक, खाली लोखंडी पाय नि चाकं. हल्ली बसलं की मांडीला खाज सुटते आणि खुर्ची एका बाजूला कलते. मुलगा म्हणतो, ही ईम्स खुर्चीची नक्कल आहे, आणि ईम्स खुर्ची आता टाकाऊ प्लास्टिकची बनते. भंगारात दिली तर हिचीच नवी होईल. खरं का? आणि तसलं प्लास्टिक टिकतं का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : ताई, मुलाचं अर्धंच बरोबर आहे. गूळ कितीदाही वितळवा, परत ढेप होते. भाकरी एकदा भाजली की तिचं पीठ होत नाही. तुमची खुर्ची भाकरीच्या जातीची. काचेचे तंतू पॉलिएस्टर रेझिनमध्ये घट्ट बसवलेले. ते रेझिन एकदा जमलं की तापवून जळेल, पण वितळणार नाही. भंगारवाला पाय नि चाकं काढून घेईल आणि बैठक उकिरड्यावर टाकेल.

मूळ खुर्ची चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर नवराबायकोची. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं १९४८ मध्ये स्वस्त फर्निचरची स्पर्धा ठेवली, तिथून तिचा प्रवास सुरू झाला आणि १९५० मध्ये ती फायबरग्लासमध्ये बाजारात आली. (याच दोघांनी १९५८ मध्ये आपल्या सरकारला अहवाल दिला, त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन शिकवणारी संस्था उभी राहिली. त्या अहवालात सगळ्यात जास्त कौतुक आहे ते आपल्या लोट्याचं! मला हे वाचून फार बरं वाटलं होतं.) पुढे बैठक पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकची झाली, म्हणजे गुळाच्या जातीची. म्हणूनच आता ती टाकाऊ प्लास्टिकपासून करता येते. युरोपात ती बनवणारी कंपनी जर्मनीत घरोघरी पिवळ्या पिशवीत जमणारं पॅकिंगचं प्लास्टिक वापरते. रंगात बारीक ठिपके दिसतात, तो दोष समजू नका.

आता टिकण्याचं. मी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, प्लास्टिक मोल्डिंगवर उमेदीची वर्षं घालवली. कोयलीच्या आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीचा 'कोयलीन' हा पॉलिप्रॉपिलीनचा कोरा दाणा गोणीतून ओतायचो, तेव्हा माल एकसारखा निघायचा. मालकानं रिप्रोसेस, म्हणजे जुनं प्लास्टिक वितळवून केलेला दाणा मिसळायला लावला की कधी छान, कधी बादलीची कडी पहिल्याच हिसक्याला हातात! दोष जुनेपणापेक्षा भेसळीचा. पॉलिप्रॉपिलीनमध्ये पिशव्यांचं पॉलिथिन आलं की दोन्ही नीट एकजीव होत नाहीत. शिवाय दरवेळी तापवताना रेणूंच्या साखळ्या थोड्या तुटतात. नीट निवडलेला, धुतलेला माल, योग्य मिश्रण आणि जाड बैठक असेल तर बसायला भीती नाही. बाजारात 'रिसायकल' म्हणून काहीही खपवतात. खुर्ची उलटी करून त्रिकोणात ५ आकडा आहे का बघा, तो पॉलिप्रॉपिलीनचा. मग विचारा : घरचा कचरा की कारखान्यातली कातरण? दुकानदार गांगरला तर पुढे चला.

पण नवी घ्यायचीच कशाला? खाज सुटते कारण उन्हानं वरचा थर खाल्ला आणि तंतू उघडे पडले. मास्क, हातमोजे घालून पाणी लावत वॉटरपेपरनं हलकं घासा. कोरडं मुळीच नको, ती धूळ वाईट. धुऊन वाळवा आणि पॉलियुरेथेन क्लिअर या पारदर्शक वॉर्निशचे दोन हात मारा. कलते ती बहुधा खालच्या रबरी चकतीमुळे. पाय बसवायला बैठकीच्या बुडाला चकत्या चिकटवलेल्या असतात. त्यांतली एक सुटली असेल. जुना डिंक खरवडून इपॉक्सीनं चिकटवा, वर वजन ठेवा, दिवसभर हात लावू नका. रबर कडक झालं असेल तर चकत्या चारही बदला, एकच बदलली तर परत कलेल.

चाकांत केस गुंतलेत का, तेही बघून ठेवा. आमच्याकडे तर दर महिन्याला निघतात.