कुळागरातली ब्राह्मी कोणती?

प्रश्न : आमच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) पाटाच्या कडेला गोल पानांची वेल पसरते. आजी तिलाच ब्राह्मी म्हणायची आणि तिच्या रसात खोबरेल कढवायची. रोपवाटिकेतून ब्राह्मी म्हणून आणलेले रोप मात्र बारीक, जाड पानांचे निघाले. खरी ब्राह्मी कोणती? — एक वाचक, डिचोली

उत्तर : शासकीय आयुर्वेदिक औषधकोशात ‘ब्राह्मी’ हे नाव आपल्या रोपवाटिकेतल्या रोपाला, म्हणजे बॅकोपा मोनिएरीला दिलेले आहे, आजीची वेल ही मंडूकपर्णी, जिला मराठीत कारिवणा म्हणतात. केरळात ब्राह्मी म्हटले की बॅकोपाच समजतात, तर उत्तरेकडच्या बाजारांत मंडूकपर्णीच ब्राह्मी म्हणून विकली जाते.

मंडूकपर्णीचे पान कातर कडांचे, लांब देठावर उभे असते; ती कोथिंबिरीच्या कुळातली. ब्राह्मीची इवली मांसल पाने बिनदेठाची, जोडीजोडीने येतात, फुले पांढरट जांभळी असतात आणि पान चघळले की जीभ कडू होते. ती मचूळ पाण्याच्या काठीही तग धरते.

तरीही आजीच्या वेलीला नकली म्हणणे मला मुळीच पटत नाही. चरकसंहितेत बुद्धिवर्धक म्हणून जी चार मेध्य रसायने सांगितली आहेत, त्यांत मंडूकपर्णीचा स्वरस, दुधातून ज्येष्ठमध, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, म्हणजे वाटून केलेला लगदा, येतो; ब्राह्मीचे नाव तिथे नाही. ती भेटते अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या, प्रकरणात, वेखंड, कोष्ठ (एक औषधी मूळ) आणि शंखपुष्पी घालून सिद्ध केलेल्या जुन्या तुपात.

तेल करायचे तर वाटलेल्या पानांचा 1 भाग, खोबरेल 4 भाग आणि रस 16 भाग हे शास्त्रोक्त प्रमाण मंद आचेवर आटवावे. तेलावर फेस आला आणि तळाचा कल्क बोटांत वळून त्याची वात होऊ लागली, की ती वात ज्योतीवर धरून पाहावी. तडतडली तर आत पाणी उरले आहे आणि असे तेल लवकर खवट होते.

पोटात घ्यायची असेल, तर आधी वैद्यांना विचारावे आणि पाण्याचा उगम पाहावा. ब्राह्मी पाण्यातले शिसे आणि कॅडमियम अंगात साठवते, त्यामुळे सांडपाणी मिसळलेल्या ओहोळाकाठची ती कधीही खुडू नये. पाट झरीवरून येत असेल, तर रोपवाटिकेतले रोपही आजीच्या वेलीशेजारीच लावावे.