घराणंच जाड आहे म्हणून सुरुवातच सोडू नकोस

अगं, ‘आमच्यात सगळ्यांचीच अंगं भारी, माझं काय कमी होणार’ हे आधी डोक्यातून काढ. मीही दोन वर्षं हेच म्हणत घालवली.

जनुकांचा वाटा खरा आहे. 2007 साली वजनाशी संबंध आढळलेल्या एफटीओ जनुकाचंच बघ. त्याच्या एका प्रकाराच्या दोन्ही प्रती (एक आईकडून, एक वडिलांकडून) असलेल्यांचं वजन, एकही नसलेल्यांपेक्षा, सरासरी 3 किलोनं जास्त भरतं. फक्त 3! आणि तेही मुख्यतः भुकेतून: अशांना भूक जास्त, पोट भरल्याचं उशिरा कळतं. म्हणजे हा जनुक काम करतो तो ताटातूनच. नियमित हालचाल असेल तर त्याचा जोर कमी पडतो, हे अभ्यासांत दिसलंय.

म्हणून सुरुवातीला एवढंच:

- पातेलं समोर घेऊन जेवू नकोस. एकदाच वाढून घे, पातेलं आत ठेव. आधी मटकीची उसळ, भाजी. मग जोंधळ्याची भाकरी, भात शेवटी नि थोडा. माझा निम्मा फरक इथंच पडला.
- रोज अर्धा तास चाल. बेळगावात टिळकवाडीत असशील तर सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या आवारात चालायला ये, सावली आहे, सोबतही मिळेल.

नवे लोक भात एकदम बंद करतात नि आठवड्यात दुप्पट खातात. तसं नको. आपला बेळगावी गोड कुंदाही सोडू नकोस, पण किलोचा डबा घरी आणू नकोस. जनुकांच्या महागड्या तपासण्या आत्ता नकोतच. काट्यावर आठवड्यातून एकदाच, आणि कंबर मोज: आपल्याकडच्या बायकांसाठी मर्यादा 80 सेंटीमीटर.