मे महिन्यात पंखा बंद

“मॅडम, मी आळशी झालेय का?” मी समुपदेशन करते, आणि हा प्रश्न इतक्या बायकांनी विचारलाय की आता उत्तर द्यायच्या आधी मीच चार प्रश्न विचारते. त्यातलीच ही एक गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

सोलापूरच्या अशोक चौकाकडची, अडतिशीची, घरी शाळेचे युनिफॉर्म शिवणारी बाई. मे महिना, बाहेर बेचाळीस डिग्री. आल्या आल्या म्हणाली, “पंखा बंद करता का? गार लागालंय.” केला बंद. तासभर मी पदराने घाम पुसत होते आणि ती सांगत होती. आधी दिवसाला वीस शर्ट व्हायचे, आता सात होईनात. “नुसतं झोपावं वाटालंय. हे म्हणतात, नाटकं करालीस.”

खरं सांगते, पहिल्या भेटीत मीही नवरा, सासू, माहेर यातच धागा शोधत बसले. माझं शिक्षणच तसं झालेलं. दुसऱ्या भेटीत तिने पुन्हा पंख्याकडे बोट दाखवलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बद्धकोष्ठ आहे का? केस गळतात? पाळीत अंगावरून जास्त जातं? वजन वाढलंय? सगळ्याला “होय की!” मी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉईडच्या रक्ततपासणीत टीएसएच नावाचं संप्रेरक आलं 18. साधारण साडेचारच्या आत हवं.

पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊनच आली. रिपोर्ट त्याच्या हातात, प्रश्नही त्याचाच. “अठरा म्हणजे थायरॉईड लई वाढलाय ना? मग डॉक्टर परत थायरॉईडचीच गोळी कशी देतात?”

हा घोळ जवळजवळ प्रत्येक घरात होतो. टीएसएच थायरॉईडमधून येतच नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते, तिने मानेतल्या थायरॉईड ग्रंथीला मारलेली ती हाक. हाक ऐकून मानेतली ग्रंथी थायरॉक्सिन बनवते, ते रक्तातून वर पोचलं की पीयूषिका गप्प बसते. पण ग्रंथीच थकली असेल तर थायरॉक्सिन पुरेसं पोचत नाही, आणि वरचा आवाज चढत जातो. अठरा हा त्या ओरडण्याचा आकडा, कामाचा नाही. काम उलट कमी पडलंय. पेशींनी इंधन किती वेगाने जाळायचं ते थायरॉक्सिन ठरवतं. ते कमी म्हणून थंडी, जडपणा, उदासी.

नवरा बराच वेळ रिपोर्टकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, “म्हणजे आम्ही घरात करालोय तेच की. ही हळू झाली की आम्ही आवाज वाढवतो.”

ती रडायला लागली. मी काही बोलले नाही. हेच वाक्य माझ्या तोंडून आलं असतं तर उपदेश झाला असता. त्याच्या तोंडून आलं, आणि माझ्या चार बैठका वाचल्या.

बाकीचं साधं होतं. कमी पडलेल्या थायरॉक्सिनची गोळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर. चहा किमान अर्ध्या तासाने. (सोलापुरात हीच अट सगळ्यात जड जाते.) लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने. आठवड्यात फरक शोधू नका. सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी, आणि डोस बदलायचा तो डॉक्टरांनीच. दिवस राहिले तर लगेच सांगायचं. आयोडीनयुक्त मीठ बंद करायचं नाही, शेजारीण काहीही म्हणो. आणि प्रत्येक उदासी थायरॉईडची नसते. रिपोर्ट चांगला येऊनही मन उठत नसेल तर माझ्याकडे या, ते माझं काम. पण रिपोर्ट आधी, बालपण नंतर.

दिवाळीपर्यंत ती पंधरा शर्टांवर आली. मग बरं वाटतंय म्हणून तिने गोळीच सोडली. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास नवऱ्याचा फोन आला. “मॅडम, परत दिवसभर झोपालीय. मी ओरडलो नाही हां. तपासायला कधी न्यायचं तेवढं सांगा.”