कोकणात नोकरी सांभाळून समाजशास्त्रात पीएचडी होते का? विषय आपल्याच गावातला घेतला तर चालतो का?

होते. अर्धवेळ करायची तर ऑफिसचं ना-हरकत पत्र लागतं, कोर्सवर्क (सुरुवातीचे तास आणि परीक्षा) चुकत नाही. मुदत किमान ३, जास्तीत जास्त ६ वर्षं, बायकांना आणखी २ मिळू शकतात. बाकी नियमावलीत आहे. मी लिहायला बसले ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नामुळे.

माझा विषय रापण, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी दोरांनी ओढायचं मोठं जाळं. मालवणच्या किनाऱ्यावर दोर ओढणाऱ्यांत मासळीचे वाटे कसे पडतात आणि पर्ससीन (यांत्रिक बोटीवरून मासळीचा थवा घेरणारं जाळं) आल्यावर त्या वाट्यांचं काय झालं. विषय मंजूर करणाऱ्या समितीतले एक सर म्हणाले, "तुम्ही रापणकराच्याच घरातल्या, तटस्थ कशा राहणार? आणि विषय फारच स्थानिक आहे." अहो, मुंबईत समाजशास्त्र रुजवणारे घुर्ये जन्माने मालवणचेच. त्यांच्या हाताखाली इरावती कर्व्यांनी १९२८ साली एमएचा प्रबंध लिहिला तो चित्पावनांवर, म्हणजे स्वतःच्याच जातीवर. तिथे तटस्थता आडवी आली नाही, रापणकराच्या पोरीला मात्र आली.

त्याच सरांचा एक विद्यार्थी आमच्या वाडीत छापील प्रश्नावली घेऊन आला होता. पहिलाच प्रश्न, मासिक उत्पन्न किती? रापणीला महिना कसला? जून-जुलै समुद्र बंद, एरवी मासळी लागली तर लागली. माझ्या काकांनी मनाला येईल तो आकडा सांगितला, शेजाऱ्यांनी त्यांचं ऐकून तोच. ते आकडे पुढे तक्त्यात गेले. एका वाट्यावरून दोन भावांची चूल वेगळी झाली, हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. याला तटस्थता म्हणायचं असेल तर म्हणा.

तेव्हा विषय गावचाच घ्या. 'ग्रामीण महाराष्ट्रातील बदलती कुटुंबव्यवस्था' असले विषय कुणाच्याच कामाचे नसतात.

एक मात्र आहे. घरच्या माणसाला लोक कमीच सांगतात. "तुका म्हायत नाय काय? आमकाच इचारतस?" म्हणून मला वाटेला लावायचे. मग शेजारच्या गावात जाऊन तेच विचारावं लागलं आणि वेळ दुप्पट गेला. नोकरीत तो वेळ काढणं जड जातं. नेट ही राष्ट्रीय परीक्षा देऊन जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळत असेल तर ती घ्या आणि पूर्णवेळ करा, पहिली दोन वर्षं महिना ३७,००० मिळतात.

आणि गाइडना निवृत्तीला किती वर्षं उरलीत ते आधीच विचारा. ३ पेक्षा कमी असतील तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही.