द्रोणी (गाळ साचत गेलेला खोलगट भूभाग) किती खचली, हे नुसत्या जाडीवरून ठरवू नकोस
विहिरीच्या लॉगवर (खोलीनुसार थरांच्या नोंदीवर) ८०० मीटर शेल (चिखलाचा खडक) दिसला की तळ ८०० मीटर खचला, असं नवखे लगेच लिहून टाकतात. तू तसं करू नकोस. चिखल साचतो तेव्हा त्याच्या आकारमानाचा ६० ते ७० टक्के भाग निव्वळ पाणी असतं. वरचं ओझं वाढलं की ते पिळून निघतं आणि थर दबतो. वाळू त्यामानाने बरीच कमी दबते. म्हणून हिशेबात वरचा थर काढ, खालचे फुगवून त्या वेळच्या जाडीला आण, मग पुढचा काढ, असं तळापर्यंत. त्या काळची पाण्याची खोली बहुधा जीवाश्मांवरून मिळते. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथेच घुसते, तेव्हा घाई नको.

मग गाळाच्या भाराने झालेलं खचणं वजा कर आणि उरलेल्या खचण्याचा काळानुसार वक्र बघ. आधी झपाट्याने उतरून पुढे मंदावला, तर कवच ताणलं गेलं आणि नंतर थंड होत बसलं. भूभौतिकशास्त्रज्ञ मॅकेन्झीचं १९७८चं प्रारूप हेच सांगतं. उत्तर समुद्रात ते फार छान दिसतं: खाली जुरासिक काळातले भ्रंश (कवच ताणलं जाताना पडलेल्या भेगा), वर त्यानंतरच्या क्रिटेशस काळापासूनचे रुंद पसरलेले थर. उलट वक्राचा उतार वाढतच गेला, तर शेजारी पर्वत उभा राहत होता का, ते तपास.

मधले थर झिजून गेलेत तिथे वक्र सरळ रेषेने जोडू नकोस. व्हिट्रिनाइटची (खडकातल्या वनस्पतीजन्य कोळशी कणांची) परावर्तकता मोज; थर किती तापला, म्हणजे किती खोल गाडला गेला होता, ते तिच्यावरून कळतं. थर नंतर वर आला तरी ती कमी होत नाही.